दोनदा विचारलेला प्रश्न

सहमतीच्या घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात दाखल करायचा तर कागदांच्या गठ्ठ्यात पत्त्याचा पुरावा आणि विवाह नोंदणीचा दाखला यांच्याबरोबर बहुतेक वेळा लग्नपत्रिका आणि लग्नाचा एक फोटोही जोडतात. लग्न झाले होते, याचा तो पुरावा. फोटो बहुधा अंतरपाट दूर झाल्यानंतरचा असतो. दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, नवरीच्या केसांत अडकलेले अक्षतांचे चार दाणे, तिच्या पाठीशी उभा असलेला मामा. कोर्टाच्या मराठीत पुराव्यातल्या कागदाला ‘निशाणी’ म्हणतात. फोटोच्या कोपऱ्यात निशाणीचा क्रमांक पडतो आणि तो फाइलला लागतो.

मग पुकारा होतो. दोघे आत जातात. न्यायाधीश एकेकाला विचारतात, अर्ज राजीखुशीने केला आहे का, कोणाचा दबाव आहे का, अटी वाचल्या आहेत का, समजल्या आहेत का. बाई ‘हो’ म्हणते, पुरुष ‘हो’ म्हणतो. सगळे काही मिनिटांत आटोपते.

त्या मिनिटांत एक प्रश्न तसाच राहतो, कारण त्याला अर्जात रकाना नाही. न्यायालय नेमके काय सोडवते आहे? विवाह करार असेल तर उत्तर सोपे आहे. करार होतात तसे मोडतात. पण हिंदू परंपरा विवाहाला संस्कार म्हणते, आणि संस्कार पुसता येत नाही. राजपत्रात नाव बदलता येते, पण बारसे झालेच नव्हते असे कुठले न्यायालय म्हणू शकत नाही. मुंज झाली ती झाली. सोळा संस्कारांपैकी एकट्या विवाहाचाच हुकूमनामा उलटा कसा काढता येतो? हिंदू विवाह कायदा संसदेत येत असताना सनातनी मंडळींनी हाच आक्षेप घेतला होता. त्यांचा राजकीय हेतू बाजूला ठेवला तरी प्रश्न खरा आहे, आणि घटस्फोटाच्या पायऱ्या चढणाऱ्या कितीतरी माणसांच्या मनात तो आजही असतो. वकिलाला विचारण्यासारखा नाही म्हणून ती विचारत नाहीत, इतकेच.

शास्त्रांकडे गेले तर एकच एक उत्तर मिळत नाही. मनुस्मृती म्हणते की विकून किंवा टाकून दिल्याने पत्नी पतीपासून सुटत नाही, आणि परस्परांशी एकनिष्ठता मरेपर्यंतची. पराशर आणि नारद मात्र पाच आपत्ती मोजतात. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाच्या बाजूने हेच वचन पुढे केले होते. ती यादी हातात धरून १९५५ च्या कायद्याचे कलम १३ वाचावे. सात वर्षे ठावठिकाणा नाही, संसाराचा त्याग करून संन्यास घेतला, धर्मांतर केले. नपुंसकतेचा मुद्दा शेजारच्या कलम १२ मध्ये आहे. जो कायदा परका म्हणून हिणवला गेला, त्याच्या कारणांच्या यादीत जुन्या स्मृतीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

त्याहून विलक्षण आहे कौटिल्य. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात विवाह सुटण्याचा विचार येतो आणि त्यासाठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘मोक्ष’. एकट्याला नको झाले म्हणून सुटका नाही, पण दोघांनाही एकमेकांचा द्वेष असेल तर मोक्ष आहे. आजच्या सहमतीच्या घटस्फोटाचा गाभा दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राज्यशास्त्राच्या ग्रंथात असा बसलेला आहे. मात्र कौटिल्य लगेच अट घालतो: धर्मविवाहांना मोक्ष नाही. आठ विवाहप्रकारांपैकी ब्राह्म, प्राजापत्य, आर्ष आणि दैव हे चार धर्मविवाह. हे चारही बापाच्या अधिकाराने लागतात, आणि तेच कधी सुटत नाहीत. मुलामुलीने परस्परांच्या इच्छेने केलेला गांधर्व विवाह या चारांत नाही. म्हणजे ज्या विवाहात मुलीला दान म्हणून दिले जाते त्याला सुटकेची वाट नाही, आणि ज्यात तिची इच्छा मोजली जाते त्याला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विवाहाच्या पावित्र्यावरच्या वादात पुढे ज्या प्रश्नावर सारे अडते, तो हाच आहे: तिला विचारले होते का?

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ‘हिंदूंमध्ये घटस्फोट नव्हता’ हे वाक्यच खोटे आहे. नव्हता तो थोड्या जातींत. बाकीच्यांकडे काडीमोड होती. पंचांसमोर गवताची काडी मोडायची, लग्न मोडले. कुठे सोडचिठ्ठी लिहून द्यायची, कुठे फारकत. मग बाई दुसऱ्याशी पाट लावायची, काही भागांत त्याला मोहतूर म्हणत. इंग्रजी अंमल बसल्यावर आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींचे रीतिरिवाज गोळा करून १८२७ साली ग्रंथ काढला. त्यात जातीजातींच्या पाटाच्या आणि सोडचिठ्ठीच्या चाली नोंदलेल्या आहेत. पुढे इंग्रजी न्यायालयांनी पोथीतला धर्म हाच हिंदूंचा खरा कायदा मानायला सुरुवात केली आणि ही मोकळीक आक्रसत गेली. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की लग्न मोडल्याचे जाहीर करण्याचा, किंवा नवऱ्याच्या संमतीवाचून बाईला दुसरे लग्न करू देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. जातपंचायतीच्या जुलमाला त्याने आळा बसला हे खरे, पण ज्या बाईला पंचांनी मोकळे केले होते तीही त्याबरोबर अडकली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलावर बोलताना हाच मुद्दा मांडला. हिंदू समाजातला फार मोठा भाग शूद्रांचा आहे आणि त्यांच्यात घटस्फोट रूढीने चालत आला आहे; मग मूठभर वरच्या जातींचा नियम सगळ्यांचा धर्म म्हणून का लादायचा, असा त्यांचा सवाल होता. या सवालाला समाधानकारक उत्तर त्या वेळी कोणी दिले नाही. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. ज्या बंधनाला सनातन धर्म म्हटले जात होते ते समाजाच्या एका थराचे बंधन होते, आणि त्या थरातही ते बायकांनाच जाचत होते. पुरुषाला दुसरी बायको करायला आडकाठी नव्हती. बंधन अतूट होते ते तिच्या बाजूने.

रखमाबाईंच्या खटल्यात हे सगळे एका ठिकाणी दिसते. १८६४ चा जन्म, अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न. आईने, जयंतीबाईंनी, विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्यांच्या सुतार जातीत ती चाल होती. रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि सासरी गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, बायकोने नांदायला यावे म्हणून. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की नांदायला येण्याची सक्ती करणारा असला दावा हिंदू धर्मशास्त्रात कुठेच नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आला आहे; आणि लहानपणी, स्वतःची संमती नसताना लग्न लावून दिलेल्या, कधीच एकत्र न राहिलेल्या बाईला नवऱ्याच्या स्वाधीन करणे हे क्रौर्य आहे. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कळवले की त्या कैद पत्करतील.

टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंविरुद्ध झोड उठवली. हिंदू धर्म धोक्यात आल्याची आरोळी होती. पण ज्या हत्याराने रखमाबाईंना सासरी ओढायचे होते ते मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांत घडलेले होते. धर्माच्या नावाने लढणाऱ्या बहुतेकांनी हे ध्यानात घेतले नाही, याची खंत वाटते. टिळकांसारख्या शास्त्र जाणणाऱ्या माणसाकडून तरी ती अपेक्षा होती. १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि खटला मिटला. लग्न मात्र कायद्याने सुटले नाही. सुटण्याची सोयच नव्हती. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परतून सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले, असे सांगतात. ज्या पुरुषाला त्यांनी कधी नवरा मानले नाही, त्याचे वैधव्य त्यांनी अंगावर घेतले. त्यामागे लोकांचे तोंड बंद करणे होते, की संस्काराची खूण इतकी खोल उतरली होती, हे सांगणे अवघड आहे. रखमाबाई सप्टेंबर १९५५ मध्ये गेल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी १८ मे रोजी अमलात आला होता.

त्याआधी बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये घटस्फोटाचे कायदे झाले होते. १९५५ च्या कायद्याने ती सोय देशभर नेली, आणि कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोट अबाधित ठेवला. म्हणजे काडीमोड आजही कायद्याला मान्य आहे, पण आपल्या जातीत ती चाल पूर्वापार आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. गावोगाव अजून स्टँपपेपरवर फारकत लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतात आणि मोकळे झालो असे समजतात. रूढी सिद्ध झाली नाही तर त्या कागदाला किंमत नाही आणि नंतरचे लग्न बेकायदा ठरते. यात बहुधा फसते ती बाई.

१९५५ च्या कायद्याने घटस्फोट दिला, पण तो अपराधाच्या पायावर. एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करायचा. छळ आणि त्याग ही कारणे तेव्हा फक्त न्यायिक विभक्ततेपुरती होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती घटस्फोटाची झाली. आज एकतर्फी अर्ज केला तर रस्ता लांब आहे. समन्स, समोरच्याची कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, आणि मधे पडणाऱ्या तारखा. सुनावणी बंद दाराआड व्हावी अशी तरतूद आहे, तरी उलटतपासात शयनगृहापर्यंत प्रश्न जातात. एका बाजूने मांडलेला संसार दुसरी बाजू वाक्यावाक्याने खोटा ठरवत नेते.

या अपराधाच्या चौकटीत धर्माचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, क्षमेचा. पुण्यातल्या एका दांपत्याचा खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. नवऱ्याने न्यायिक विभक्तता मागितली होती, बायकोच्या वागण्याने छळ झाला म्हणून. पुण्याच्याच न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी निकाल लिहिला. नवरा कचेरीतून यायच्या वेळी दाराला कुलूप घालणे, रात्री दिवा लावून त्याच्या उशाशी बसून टोचून बोलत राहणे, अशा गोष्टींची बारकाईने छाननी करून न्यायालयाने छळ सिद्ध झाल्याचे मानले. आणि तरीही नवऱ्याचा दावा फेटाळला. कारण त्या प्रसंगांनंतरही दोघे पतिपत्नी म्हणून नांदत राहिले होते. कलम २३ प्रमाणे न्यायालयाला आधी खात्री करावी लागते की ज्या छळाची तक्रार आहे तो तक्रारदाराने माफ केलेला नाही. इथे केला होता. ती माफी सशर्त असते, पुढे पुन्हा तसाच अपराध घडला तर जुना जिवंत होतो. पण तसे काही सिद्ध झाले नव्हते.

हा निकाल वाचताना दोन भावना एकदम येतात. क्षमेला कायद्याने इतके खरे मानावे, यात मोठेपणा आहे. माफ केले म्हणजे केले, ते शस्त्र म्हणून परत उपसायचे नाही, हा धर्मच आहे. पण याच नियमाचा व्यवहारात उतरलेला अर्थ काय होतो? वकील अशिलाला बजावतो, आता एका घरात राहू नका, त्यांच्याशी गोड बोलू नका, मेसेज करू नका, माफी दिली असे दिसेल. ज्याला अजून समेटाची आशा आहे त्यालाच मन घट्ट करायला सांगितले जाते. अपराध मोजणाऱ्या व्यवस्थेत क्षमा करणारा तोट्यात जातो.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कायद्यात कलम १३ ब आले, सहमतीचा घटस्फोट. यात अपराध विचारत नाहीत, म्हणून माफीही विचारत नाहीत. दोघांनी इतकेच सांगायचे की किमान वर्षभर वेगळे राहतो आहोत, एकत्र नांदणे जमले नाही, आणि लग्न संपवायचे हे दोघांनी मिळून ठरवले आहे. वेगळे म्हणजे वेगळ्या छपराखालीच असे नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एका घरात राहूनही पतिपत्नीचे नाते उरले नसेल तर ते वेगळे राहणेच आहे. मुंबईतल्या दीड खोलीच्या घरांत हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अर्ज कुठे करायचा, तर जिथे लग्न लागले, जिथे दोघे शेवटचे एकत्र राहिले, जिथे समोरचा पक्ष राहतो, किंवा अर्जदार पत्नी असेल तर ती आज जिथे राहते तिथे. ही शेवटची सोय २००३ मध्ये आली आणि माहेरी परतलेल्या बाईचे हेलपाटे वाचले. लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज सहसा घेत नाहीत. फार विशेष हाल असतील तरच परवानगी मिळते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार पक्षकाराला वकील लावण्याचा जन्मसिद्ध हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. उद्देश असा की माणसांनी स्वतः बोलावे. समेट होतो का हे पाहणे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, आणि त्यासाठी विवाह समुपदेशक असतात. त्यांच्या छोट्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि येणारी जोडपी बसण्याआधी त्या जरा लांब सरकवतात.

अटी आधी कागदावर ठरतात. वकिलांच्या बोलीत ‘कन्सेंट टर्म्स’. पोटगी दरमहा की एकरकमी, मुलांचा ताबा कोणाकडे आणि दुसऱ्याने कुठल्या दिवशी भेटायचे, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, एकमेकांवरच्या केसेस कशा मिटवायच्या. आणि स्त्रीधनाची यादी. ही यादी वाचणे फार जड जाते. ‘मंगळसूत्र, दोन वाट्यांचे, एक. चांदीचे ताम्हन एक. पैठणी, मोरपंखी, एक. जोडवी, एक जोड.’ बोहल्यावर जी वस्तू मंत्र म्हणून अंगावर चढवली ती इथे नग म्हणून मोजली जाते. संस्काराचे करारात रूपांतर होताना कुठे दिसत असेल तर या यादीत. तरीही ही यादी हवीच. पावित्र्याच्या नावाखाली कितीतरी बायका नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडल्या, कारण त्यांच्याकडे यादी नव्हती.

पहिल्या अर्जानंतर कायदा थांबायला लावतो. सहा महिने. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत यायचे आणि परत सांगायचे. मधल्या काळात एकाचे मन फिरले तर तो संमती मागे घेऊ शकतो. निकालाच्या क्षणापर्यंत दोघांची इच्छा टिकली पाहिजे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा काळ माफ करण्याची मुभा कौटुंबिक न्यायालयांना दिली, पण केव्हा? दोघे दीड वर्षापासून वेगळे असतील, समेटाचे सगळे प्रयत्न थकले असतील, पोटगी आणि मुलांचा प्रश्न खरोखर मिटला असेल, आणि थांबल्याने फक्त यातना वाढणार असतील, तेव्हा. या सहा महिन्यांवर लोक वैतागतात. पण लग्नाचा निर्णय रविवारी चहापोहे आणि पुढच्या गुरुवारी होकार इतक्या घाईत घेणाऱ्या समाजात, तोडण्याआधी तरी विचार करायला सक्तीने वेळ देणारी ही एकच जागा आहे. जुन्या संस्कारांतही कालावधीला महत्त्व होते. सुतकाचे दिवस मोजतात ते उगीच नाही.

आणि त्या दोन खेपांना जे घडते ते महत्त्वाचे आहे. न्यायाधीश बाईकडे पाहून विचारतात, तुमची इच्छा आहे का? वडिलांची नव्हे, भावाची नव्हे. आपल्या पारंपरिक लग्नविधीत हा प्रश्न कुठे येतो? कन्यादानात बाप संकल्प सोडतो, वर स्वीकारतो. मुलगी तिथे बसलेली असते. दानाच्या वस्तूला विचारायचा प्रघात नाही. कायद्याने मात्र विवाह पूर्ण होण्यासाठी कन्यादान आवश्यक धरलेले नाही. कलम ७ सप्तपदीचे नाव घेते: सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण आणि बंधनकारक. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे स्पष्टपणे सांगितले. त्या सातव्या पावलाला वर वधूला सखी हो असे म्हणतो. संस्काराचा सगळ्यात कोवळा भाग तो आहे, आणि तिथेही उत्तर तिच्या तोंडून यावे अशी सक्ती नाही. महात्मा फुल्यांना हे खुपले होते. १८७३ पासून सत्यशोधक पद्धतीने जी लग्ने लागू लागली त्यांतल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, स्त्रियांचे हक्क मागते, आणि वर ते देण्याचे वचन देतो. बोहल्यावर तिला वाचा देणारा तो संस्कारच होता.

इतर धर्मांत हा प्रश्न वेगळ्या ठिकाणी उभा राहतो. मुस्लिम निकाह हा करार आहे आणि त्यात मुलीला विचारतातच. साक्षीदारांसमोर तिचा कबूल घेतल्याशिवाय निकाह होत नाही. अडचण सोडताना होती. तोंडी तीन तलाकात तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला तो यासाठी. कायद्यात ते यायला २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा लागला. दोघांच्या संमतीने सुटण्याची वाट इस्लामी परंपरेत आधीपासून आहे, तिला मुबारात म्हणतात. कॅथलिक पंथात वेदीसमोर दोघांचा ‘होय’ हाच विवाह घडवतो, धर्मगुरू साक्षी असतो; आणि तो ‘होय’ एकदा खरा असेल तर माणसाने तोडायचा नाही. चर्चचे न्यायपीठ त्यामुळे घटस्फोट देत नाही, तो ‘होय’ मुळात खरा होता का एवढेच तपासते. गोव्यात या दोन विचारांची टक्कर कायद्यात उमटली. पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा १९१० चा घटस्फोटाचा कायदा तिथे लागू झाला, आणि १९४६ च्या हुकुमाने चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या कॅथलिकांपुरती ती वाट बंद केली.

संमतीला पाया मानले तरी एक जागा अशी येते की तो पाया अपुरा पडतो. एकाला सुटायचे आहे, दुसऱ्याला नाही, आणि मध्ये संसार म्हणून काहीच शिल्लक नाही. ‘विवाह पुन्हा जुळण्यापलीकडे मोडला आहे’ हे घटस्फोटाचे कारण व्हावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्ये केली. २०१३ मध्ये तसे विधेयक राज्यसभेत मंजूर झाले, त्यात पत्नीवर आर्थिक आपत्ती येणार असेल तर तिला विरोध करण्याची सोयही होती. लोकसभेपर्यंत पोचून ते कायदा झाले नाही. मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय अशा विवाहाला संपवू शकते. हा अधिकार त्या एका न्यायालयाचा. तालुक्याच्या गावच्या बाईसाठी दिल्ली फार लांब आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. नवरा हवाई दलातून निवृत्त, वय ८९. बायको ८२ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. लग्न १९६३ चे, बिनसले १९८४ मध्ये, नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज १९९६ चा. त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे १४२ खाली सुटका मागितली. बायकोचे म्हणणे एवढेच होते की तिला घटस्फोटिता म्हणून मरायचे नाही, ती या वयातही त्यांची काळजी घ्यायला तयार आहे. न्यायालयाने सुटका नाकारली आणि भारतीय समाजात विवाह अजून पवित्र, आध्यात्मिक संस्था मानली जाते असे कारण दिले.

त्या वृद्ध बाईची इच्छा ऐकली गेली याचे समाधान वाटते. पण कारण पटत नाही. पावित्र्याची साक्ष काढायची गरज नव्हती. तिच्या भीतीकडे पाहायला हवे होते. तिला सतावत होता एक शब्द. मराठीतही त्या शब्दाला टाकलेली, सोडलेली, परित्यक्ता अशा कितीतरी बहिणी आहेत आणि पुरुषासाठी एकही नाही. हा शब्द संस्काराने दिलेला नाही, शेजाऱ्यांनी दिला आहे. पत्नीला घर, औषधपाणी आणि मानाने जगण्याची हमी देऊनच सुटका मिळेल असा कायदा संसदेने करायला हवा. तो होईपर्यंत अशी जोडपी तारखांवरच म्हातारी होत राहतील.

सहा महिन्यांनी, किंवा माफ झाले असतील तर त्याआधी, ते दोघे परत येतात. या खेपेला आत सोबत कोणी येत नाही. आई बाहेर बाकावर बसून राहते. पुकारा होतो. न्यायाधीश फाइल उघडतात, अटी वाचतात, एकरकमी पोटगीचा धनादेश मिळाला का विचारतात, मग पुन्हा तोच प्रश्न, आधी तिला, मग त्याला. ती या वेळी ‘हो’ म्हणायच्या आधी थोडी थांबते. घाई कोणी करत नाही. ती ‘हो’ म्हणते. रोजनाम्यात नोंद होते, हुकूमनामा निघतो. पासपोर्टसाठी, बँकेसाठी, पुढे कधी लग्न करायचे झाले तर त्यासाठी, त्याची प्रमाणित प्रत लागणार असते, म्हणून दोघे नक्कल विभागाच्या खिडकीपाशी वेगवेगळे अर्ज भरतात. आत शिपाई फाइल बांधतो. फाइलमध्ये तो फोटो असतो, मुंडावळ्या, अक्षता आणि मामासकट, कोपऱ्यात निशाणीचा क्रमांक असलेला. दोघांपैकी कोणीच तो परत मागत नाही, आणि तो न्यायालयाच्या अभिलेखात जातो.